स्लॅबवरून काढलेला फोटो

आमच्या स्टुडिओतल्या स्टँडच्या तिन्ही पायांवर लाल नेलपेंटची एकेक खूण होती. स्टँड तेवढाच उघडायचा, बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्याचा डोळा यावा, एवढी ती उंची. खूण काकांनी केली होती. काका म्हणजे स्टुडिओचे मालक. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. पण भिवंडीत पहिलं काम त्यांनी दिलं आणि पदवी हातात पडेपर्यंत परीक्षेच्या दिवसांत कधी रजा नाकारली नाही, म्हणून मी त्यांना आजही काकाच म्हणतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. स्टुडिओ कापडाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. मागच्या गल्लीत लूम चालू असले की आमची जमीन हलकी थरथरायची आणि काका म्हणायचे, "श्वास धरून काढ रे, सगळी भिवंडी हलतेय." पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, बारशी, लग्नं आणि पावसाळ्याच्या तोंडावर पदवीधर. पदवीधरांसाठी काकांनी एक काळा गाऊन आणि टोपी शिवून घेतली होती. हातात धरायची गुंडाळी जुन्या कॅलेंडरच्या पानाची असायची. पांढरी बाजू बाहेर आणि वर लाल फीत. मी बी.ए. झालो तेव्हा त्याच गाऊनमध्ये, त्याच खुणेवर उघडलेल्या स्टँडसमोर काकांनी माझा फोटो काढला.

"हनुवटी वर. अजून थोडी. हां, आता शिकल्यासारखा दिसतोस."

माझे बाबा लूमच्या कारखान्यात कामाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. तो फोटो त्यांनी देवांच्या फळीशेजारी लावला आणि बराच वेळ बघून विचारलं, "ह्या कागदात काय लिहिलंय?"

"एप्रिल महिना," मी म्हणालो.

ते हसले. फोटो मात्र कायम तिथेच राहिला.

काकांचं म्हणणं सरळ होतं. माणूस वर्षातून एखाद्या वेळी इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून आपल्यापुढे येतो, तर त्याला त्याचं तोंड नीट द्यावं. एवढंच आपलं काम. मला हे म्हणणं पटत होतं आणि अजूनही पटतं. पण मी माणसं आणखी एका बाजूने पाहिली होती, त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो. खाली लूमच्या ओळींमध्ये मला उभं राहू देत नसत. म्हणून सुताच्या पेट्या ठेवायच्या माळ्यावर चढून बसायचो. खटखटाट इतका असायचा की बोलणं शक्यच नव्हतं. वरून बाबांचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचा भांगातला कापसाचा कोंडा, खांदे आणि हात. तुटलेला धागा शोधताना ते हात कापडावरून फिरायचे, तेव्हा मला वाटायचं, घरी जेवताना बाबांचं जे तोंड समोर दिसतं त्यापेक्षा हे बाबा जास्त खरे आहेत. हे वाटणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत छायाचित्रणावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. कोणी कधी घरी नेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचलं. त्यात एक पूर्ण प्रकरण कॅमेरा कुठे ठेवायचा याचं होतं. जमिनीवर, छतावर, माणसाच्या मागे, दाराच्या फटीत. माळ्यावर बसून मी जे पाहायचो त्याला पुस्तकात नाव होतं. मला फार धीर आला.

त्या धिराचं पहिलं फळ वाईट निघालं. एका लग्नात मी जमिनीवर पालथा पडून नवरीच्या मामाचा फोटो काढला. मामा बोहल्याकडे निघालेले, फेटा आभाळाला टेकलेला, असा काहीतरी भव्य फोटो माझ्या मनात होता. प्रिंट आली तेव्हा फोटोत मुख्यतः नाकपुड्या होत्या. मामांनी अल्बम परत पाठवला. काका रागावले नाहीत. प्रिंट हातात धरून म्हणाले, "ह्या माणसाला आयुष्यभर लोकांनी समोरून नाहीतर वरून बघितलं. तू त्याच्या बुटाला विचारलंस, तुला मामा कसे दिसतात." त्यानंतर लग्नात मला माणसांऐवजी जेवणाची ताटं आणि हार-तुऱ्यांचे फोटो काढायला लावलं. पण मी नाउमेद झालो नाही. चूक कॅमेऱ्याच्या कोनाची नव्हती, हे मला समजलं होतं. मी आधी कोन ठरवला आणि मग त्यात माणूस घुसवला. ज्या कामासाठी दुसरीकडून बघायची गरजच नव्हती, तिथे उगाच आडवा झालो होतो.

गरज पडली ती पुढच्या वर्षी.

मानकोली नाक्यावरून आत एक गाव आहे. तिथल्या एका म्हातारीला आम्ही ओळखत होतो, कारण काकांनी तिचा एक फोटो बिघडवला होता. म्हणजे काकांच्या मते सुधारला होता. तिला दोन मुलगे. दोघांची घरं एकाच अंगणात, मध्ये मोठं जांभळाचं झाड. गोडाऊनवाले आले तेव्हा थोरल्याने आपल्या वाटणीची जमीन दिली, धाकट्याने दिली नाही, आणि थोरल्याच्या तुकड्यावर कंपाउंड पडल्यावर धाकट्याच्या शेताची वाट बंद झाली. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. थोरल्याने जुनं घर पाडून वर दोन मजले चढवले आणि अंगणाच्या मधोमध भिंत घातली. जांभूळ धाकट्याच्या बाजूला गेलं. म्हातारी एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे राहायची. पूर्वी हाक मारली की पोचेल एवढं अंतर. भिंत झाल्यावर तिला लुगडं सावरत रस्त्यावरून वळसा घालून जावं लागे.

तिला दोन्ही मुलांबरोबर एक फोटो हवा होता. दोन्ही मुलांच्या लग्नांत फोटोग्राफर नव्हताच, आणि तिच्या नवऱ्याचा एकुलता फोटो मतदार कार्डावरचा. "मी मेल्यावर ह्यांना आठवल की आपण एका घरातले," असं ती म्हणाली होती. काकांनी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यांना सगळ्यांना सगळ्यांशी जोडायची हौस होती. दुबईला असलेला मुलगा आईवडिलांच्या मधे, वारलेले आजोबा नातवाच्या बारशात. त्यांनी दोन्ही भावांचे दोन वेगळे फोटो मिळवले, म्हातारीला मधे उभं केलं आणि मागे एक धबधबा घातला.

म्हातारीने तो फोटो उजेडात नेऊन पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, "ह्याची सावली हिकडं नि त्याची तिकडं. उन्हात पन पटत न्हाय काय ह्यांचं?"

काका म्हणाले, "आजी, सावली काढून टाकतो."

"नको. मना जोडलेला न्हाय पायजे. हाय तसा पायजे."

तो धबधबा आमच्या खणात पडून राहिला.

मग थोरल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि फोटोचं काम आमच्याकडे आलं. आदल्या दिवशी मांडव आणि हळद, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्न. मांडवाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी थोरल्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. काका व्हिडिओच्या वायरी सोडवत होते. तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"पोरा, आज माजी दोनी पोरं एका फोटूत घे."

"धाकटे येणार आहेत का?"

"तो कसला येतोय. पत्रिका टपालानं धाडली त्याला. भिंतीपलीकडं टपालानं." तिने एक खडा उचलून बाहेर फेकला. "पन आज मेढ हाय. तो घरातच हाय. कामावर गेला न्हाय."

"मग एका फोटोत कसे यायचे? एकाला सांगू का दारापर्यंत या म्हणून?"

"सांगू नको. सांगितलं की दोघं पन जातील. तू शिकलेला हायेस, बघ तू." आणि पुन्हा म्हणाली, "जोडलेला नको."

मी भिंतीपाशी गेलो. पुरुषभर उंच भिंत, वर सिमेंटमध्ये रोवलेले बाटल्यांचे तुकडे. या बाजूने पाहिलं तर थोरल्याचं अंगण, भटारखान्याची भांडी, खुर्च्यांचे ढीग. पलीकडचं फक्त जांभळाचं डोकं दिसत होतं. रस्त्यावर जाऊन पाहिलं तर भिंतीची कड मधोमध आणि दोन्ही बाजूंना दोन दारं, जणू एकाच फोटोत दोन गावं. दरवाजातून, खिडकीतून, ओट्यावर उभं राहून, सगळीकडून मी पाहिलं. जिथून बघावं तिथून भिंतच पुढे येत होती. कितीही मागे सरकलो तरी ती एका भावाला झाकत होती.

तेव्हा मला कारखान्यातला माळा आठवला. तिथून लूमच्या ओळींमधल्या लाकडी फळ्या मला कधी आडव्या आल्या नव्हत्या. भिंत माणसाला अडवते ती तिच्या उंचीने, आणि वरून पाहिलं तर भिंतीला उंची नसते. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी काकांना विचारायला थांबलो नाही, फक्त सांगितलं.

"मी स्लॅबवर जातोय."

"ताटांचे फोटो कोण काढणार?"

"ताटं अजून मांडली नाहीत, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातला फिल्मचा कॅमेरा काढून दिला. नवा डिजिटल ते स्वतःकडेच ठेवत. "रोल जपून वापर. आणि नाकपुड्या नकोत."

"वरून नाकपुड्या दिसत नाहीत."

"हे तू बी.ए.ला शिकलास का?"

थोरल्याच्या घराचा तिसरा स्लॅब अजून उघडा होता. कठडा नव्हता, कडेला नुसत्या सळया उभ्या. मी सळयांच्या मधे पालथा झालो, कोपर टेकले आणि डोकं कडेबाहेर काढलं. खाली दोन्ही अंगणं दिसत होती. दोन कसली, एकच. शेणाने सारवलेली जमीन पूर्वी जशी एक होती तशीच दिसत होती आणि तिच्यावरून एक पांढरट पट्टी गेली होती, चुन्याने आखल्यासारखी. काचांचे तुकडे उन्हात चमकत होते. ऊन भिंतीच्या लांबीच्या बाजूने येत होतं, त्यामुळे भिंतीची सावलीसुद्धा कुठल्या अंगणात पडली नव्हती. धाकटा आपल्या बाजूला जांभळाखाली खाट टाकून बसला होता. पाठ भिंतीकडे. कान मात्र, मला वरून वाटलं, इकडेच.

आता मेढीबद्दल सांगायला हवं. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ. त्याच्या टोकाला आंब्याची डहाळी आणि पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधतात, आणि तो उभा करताना भावकीतल्या प्रत्येक घराचा हात त्याला लागावा, अशी त्या गावची रीत. हात लागला नाही ते घर लग्नात नाही, असं धरलं जातं. एरवी मेढ घराच्या वळचणीएवढी पुरते. पण थोरल्याने नवं घर बांधलं होतं. मेढ घरापेक्षा बुटकी कशी चालेल? गोडाऊनच्या रस्त्यावरून दिसली पाहिजे. म्हणून त्याने गावात मिळाला तो सगळ्यात लांब बांबू आणला, आणि तोही कमी वाटला म्हणून त्याला वर दुसरा बांधला.

गावातल्या एका म्हाताऱ्याने खालून विचारलेलं मला वर ऐकू आलं, "ही मेढ हाय का मोबाईलचा टावर?"

"घर बघा ना केवढं हाय," थोरला म्हणाला.

"घर उभंच हाय. हिला उभी कोन करनार?"

भावकीतली माणसं जमली. प्रत्येकाने हात लावला. थोरला खड्ड्यापाशी दोन्ही हातांनी बुंधा धरून उभा राहिला आणि बांबू हळूहळू वर जाऊ लागला. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. त्यानंतर वरचा बांबू वाकायला लागला. मांडववाल्या कामगारांनी टोकाला दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या, दोन बाजूंनी ताण द्यायला. एक दोरी या अंगणात दोघांनी धरली. दुसरी त्यांनी भिंतीवरून पलीकडे फेकली, कारण धाकट्याच्या घराच्या उलट दिशेने ताण द्यायला जांभूळच होतं. ती धरायला एक कामगार रस्त्याने पलीकडे धावला. पण धाकट्याचं फाटक आतून बंद होतं. तो फाटकाबाहेरच ओरडत राहिला.

"अरे पकडो उधर से!" या बाजूचा मुकादम भिंतीकडे बघून ओरडला. बांबू धाकट्याच्या पत्र्याकडे कलू लागला. "पकडा क्या?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला. झूम पार मागे घेतला, दोन्ही अंगणं चौकटीत बसली. धाकटा खाटेवरून उठला होता. त्याने एकदा वर बांबूकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे, आणि मग लोंबकळणारी दोरी उचलली. नुसती धरली नाही. मनगटाला वेढा दिला, टाच जांभळाच्या मुळाला लावली आणि पूर्ण अंग मागे टाकलं. बांबू थबकला, सरळ झाला. भिंतीच्या या बाजूला थोरला बुंधा छातीशी धरून उभा होता. त्याला वाटलं, पलीकडे मांडववाला आहे.

"बरोबर! तसाच धर!" तो ओरडला.

 धाकट्याने दोरी तशीच धरून ठेवली.

आणि त्या क्षणी बांबूचं टोक बघायला सगळ्यांनी माना वर केल्या. थोरल्याने, भावकीतल्या माणसांनी, ओट्यावरच्या म्हातारीने, आणि पलीकडे एकट्या उभ्या असलेल्या धाकट्यानेही. वरून मला फक्त डोकी मिळतील असं मी धरलं होतं. तिथे सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले होते, उन्हात उजळलेले. मी बटण दाबलं. रोल पुढे फिरवला, पुन्हा दाबलं. मला जे हवं होतं ते खाली घडत होतं आणि ते बघायच्या एकमेव जागी मी होतो.

खड्ड्यात माती-दगड भरले गेले. तोवर तो कामगार फाटकावर चढून पलीकडे उतरला आणि दोरी जांभळाला बांधली. धाकटा पुन्हा खाटेवर जाऊन बसला, पाठ भिंतीकडे करून. या अंगणातल्या कुणालाच काही कळलं नाही. खाली आल्यावर मीही बोललो नाही. तोंडाने सांगितलं असतं तर त्याची बातमी झाली असती, आणि बातमीवर दोघेही भांडले असते. म्हातारीने फोटो मागितला होता, बातमी नव्हे.

हळदीची धावपळ काकांवर टाकून मी दुपारीच रोल भिवंडीच्या लॅबमध्ये दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी प्रिंट हातात आली. काकांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली.

"तोंडं दिलीस की रे सगळ्यांना," ते म्हणाले. "ही दोरी कुणी धरलीय?" मग त्यांनाच कळलं. त्यांनी प्रिंट खाकी पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, "मी नाही, तू नेऊन दे. तुझं काम आहे."

म्हातारी अंगणात उन्हाला बसली होती. तिने पाकिटातून फोटो काढला आणि तिचं बोट आधी माणसांवर गेलंच नाही. ते जमिनीवर फिरलं.

"सावल्या एकाच बाजूला हायेत," ती म्हणाली.

"हो, आजी."

"मंग खरा हाय." आता तिने एक मुलगा शोधला, मग दुसरा. एकावरून दुसऱ्यापर्यंत तिचं बोट दोरीवरून गेलं, मधल्या पांढऱ्या पट्टीवर अडलं नाही. तिने पदराने फोटो पुसला आणि थोरल्याला हाक मारली.

थोरला नव्या बंडीत, हळदीचे हात घेऊन आला. "काय गं आये, किती कामं हायेत."

"बघ."

त्याने पाहिलं. पहिल्यांदा स्वतःचं घर कुठे दिसतंय ते पाहिलं असावं, कारण म्हणाला, "घर तर आलंच न्हाय ह्यात." मग फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही रशी त्यानं धरली व्हती?"

मी मान हलवली.

"मांडववाला कुठं व्हता?"

"फाटकाबाहेर. फाटक बंद होतं."

थोरल्याने फोटो आईच्या मांडीवर ठेवला आणि मेढीकडे पाहत उभा राहिला. तिच्या टोकाला हळकुंडाचं पिवळं फडकं वाऱ्यावर हलत होतं. रीत त्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. ज्या घराचा हात मेढीला लागला ते घर लग्नात आहे. हात दोरीतून लागला, एवढाच फरक. त्याने नवरदेवाला बोलावलं, हातात नारळ आणि हळद-कुंकवाचं ताट दिलं आणि म्हणाला, "जा, काकाला बोलावनं करून ये. फाटकातून जा. वाजव आणि उभा राहा." मग माझ्याकडे बोट करून, "ह्याला पन घेऊन जा. पुरावा हाय ह्याच्याकडं."

धाकट्याने फाटक उघडलं. पुतण्याच्या हातातला नारळ पाहिला, माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला.

"काका, संध्याकाळी लग्न हाय," नवरदेव म्हणाला. "आपल्या घरचा हात मेढीला लागलाय. बाबा बोलले, येयाचं."

"मी कुठं हात लावला? रशी धरली. नायतर तुज्या बापाचा बांबू माज्या पत्र्यावर पडला असता."

भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला. तो तिथेच उभा होता म्हणायचा. "पडला असता तर बरा पडला असता. पत्रा कवाचा गळतोय."

"माजा पत्रा हाय. गळू दे नायतर उडू दे."

"तर काय. पावसात आय भिजते तिकडं."

"आयेवर थेंब पडला न्हाय कवा माज्याकडं. विचार तिला."

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते आणि भांडत होते. नवरदेव ताट धरून मधे उभा. मला वाटलं, आता नारळ परत जातोय. पण धाकट्याने पुतण्याच्या कपाळाला वाकून कुंकू लावलं, नारळ घेतला, खाटेवर ठेवला आणि फाटक ओढून घेतलं. बंद केलं नाही, नुसतं ओढलं.

संध्याकाळी तो लग्नाला आला. बायको-मुलांना पुढे पाठवून स्वतः शेवटच्या रांगेत, भटारखान्याजवळच्या खुर्चीवर बसला. आहेराच्या वेळी सगळी भावकी स्टेजवर फोटोला उभी राहिली, तो उभा राहिला नाही. काकांनी एकदा विचारलं, त्याने हात हलवून नको म्हटलं. म्हातारी मात्र स्टेजवर खुशीत होती. तिचं काम सकाळीच झालं होतं.

भिंत पाडली गेली नाही. मी पुढे त्या गावात बऱ्याचदा गेलो, ती तशीच आहे. पण म्हातारीला वळसा पडू नये म्हणून भिंतीत एक लहान दार फोडलेलं मी पाहिलं. काचा त्या दारापुरत्या काढल्या आहेत. ते कोणी फोडलं हे मी विचारलं नाही.

त्या लग्नानंतर काकांनी स्टँडवरच्या लाल खुणा पुसल्या नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. स्टुडिओतल्या माणसाला त्याचं तोंड समोरूनच द्यायचं असतं. पण लग्नाचं काम घेताना ते गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमचा पोरगा एक वरून काढतो. तेवढा वेळ त्याला शोधू नका." बाबांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, कुठून काढला. मी म्हणालो, "माळ्यावरून." त्यांना समजलं.

धाकटा स्टुडिओत आला तो लग्नाचे अल्बम देऊन झाल्यावर. जिना चढून दारात उभा राहिला, चप्पल काढू की नको अशा बेतात.

"तो वरचा फोटू," तो म्हणाला. "एक कापी पायजे."

"मोठी?"

"न्हाय, पाकिटात मावल एवढी."

मी निगेटिव्ह काढून लहान प्रिंट करून ठेवलीच होती. म्हातारीने सांगितलं होतं, येईल तो. त्याने प्रिंट घेतली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि वर केलेल्या आपल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला.

"कपाळ केवढं दिसतंय माजं. मानकोली नाक्यापासून सुरू झाल्यासारखं. ह्याचं काय करता येईल का?"

कॉम्प्युटरपुढे बसलेल्या काकांचे डोळे चमकले. "का नाही? दोन मिनिटांचं काम. केस लावून देतो, म्हणाल तेवढे."

धाकट्याने क्षणभर विचार केला. मग प्रिंट पाकिटात सरकवली आणि पाकीट छातीच्या खिशात टाकलं.

"राहू दे," तो म्हणाला. "जोडलेलं आयेला कळतं."